काळी माती, कच्चे हात

परभणीच्या जमिनीत काय वाटेल ते पिकतं. पुतळा तेवढा टिकत नाही. कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा, ज्वारी... पाऊस वेळेवर आला तर या जमिनीनं कशालाच नाही म्हटलेलं नाही. पण हीच माती कालवून तिचा वीतभर उंचीचा बैल करा आणि सावलीत ठेवून द्या. चौथ्या दिवशी वशिंड एकीकडे, पाय दुसरीकडे आणि पोटाला आरपार भेग. चाळिशी-पन्नाशीत मातीकामाची ओढ लागलेल्या माणसाला या जिल्ह्यात पहिला धडा मिळतो तो असा. बरेचजण तिथंच थांबतात. ‘आपल्या हातात कला नाही’ असं म्हणून हात धुतात आणि उठतात. हात ठीक आहेत, माती समजून घ्यायची राहिली आहे, हे सांगणारं शेजारी कोणी नसतं.

दख्खनच्या पठारावरच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची, हजारो वर्षं झीज होऊन ही माती तयार झाली. मृदाशास्त्र तिला व्हर्टिसॉल म्हणतं. या वर्गात बसायला मातीत चिकण कण निदान ३० टक्के लागतात. मराठवाड्याच्या खोल काळ्या जमिनींत ते प्रमाण अनेकदा ५० च्या पुढे जातं. त्या कणांत स्मेक्टाइट गटातल्या खनिजांचं राज्य असतं. त्यांचे पापुद्रे एकावर एक रचलेले. पाणी त्यांच्या मधे शिरलं की माती फुगते, पाणी गेलं की आकसते. म्हणून जुलैत ज्या रानात पाय रुतून चप्पल तिथंच राहते, त्याच रानातल्या भेगेत मे महिन्यात हात घातला तर कोपरापर्यंत जातो. पिकाला हे चालतं. भेगांमधून वरची माती खाली पडते, जमीन स्वतःच स्वतःला खालीवर करून घेते. मातीच्या बैलाला मात्र ते सोसत नाही. बाहेरचा थर आधी वाळून आकसतो, आतला गाभा अजून ओला आणि फुगलेला असतो. या ओढाताणीत कातडं फाटतं.

परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून या जमिनीचा अभ्यास करतं आहे, अर्थात पिकांसाठी. ‘परभणी क्रांती’ भेंडी आणि ‘परभणी मोती’ ज्वारी ही नावं शेतकऱ्यांना तोंडपाठ असतात. पुतळ्यासाठी काळी माती कशी सुधारावी असा प्रश्न घेऊन तिथं कोणी जात असेल असं वाटत नाही. जायला हरकत नाही. माती तपासणीच्या अहवालात शेतकऱ्याला चुनखडीचं प्रमाण कळतं, तो आकडा मूर्ती भाजणाऱ्याच्याही फार कामाचा असतो. का, ते पुढे येईलच.

मोठ्या माणसाचा मातीला हात लागतो तो हल्ली गणपतीच्या निमित्तानं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मूर्ती विसर्जनाबाबत २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, मे २०२० मध्ये त्या सुधारून प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदी घातली. त्या बंदीचं पुढे न्यायालयात काय काय झालं तो वेगळा विषय. पण या सगळ्या गडबडीत एक गोष्ट चांगली झाली. शाळा, महापालिका, मंडळं यांनी राज्यभर शाडूच्या कार्यशाळांचा सपाटा लावला. आईबाप मुलाला घेऊन जातात. मुलाचा गणपती तासाभरात होतो, सोंड डावीकडे वळवून मूल खेळायला पळतं, आणि बाप मात्र मुलाच्याच गोळ्यातून उरलेल्या मातीचं काहीतरी करत बसलेला असतो. ‘चला आता’ असं तिसऱ्यांदा म्हटल्याशिवाय तो उठत नाही. हा छंद लागलेल्या माणसांची सुरुवात अनेकदा अशीच, दुसऱ्याच्या गोळ्यातून झालेली असते.

या कार्यशाळांत मिळणारी शाडू बहुतेक गुजरातेतून, भावनगरच्या बाजूनं येते. गोरी, मऊ, गुळगुळीत. बोटाचा ठसासुद्धा छान उमटतो. गणपतीपुरती ती उत्तमच आहे, कारण त्या मूर्तीनं दीड किंवा दहा दिवस टिकायचं आणि मग पाण्यात विरघळायचं असतं. पण छंद लागलेल्या माणसाला अकराव्या दिवशीही काहीतरी करायचं असतं. पिशवी संपते. दुकानदार पुढच्या आषाढाचा वायदा करतो. आणि मग त्याच्या ध्यानात येतं की आपण चहूबाजूंनी मातीनं वेढलेल्या गावात राहतो आणि माती विकत आणायला निघालो आहोत.

मराठीत शिल्पकारांच्या ज्या गोष्टी आपण वाचल्या त्या सगळ्या लहानपणापासून सुरू होतात. अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर यांच्या घरात गणपती घडवले जात; गावातल्या देवळाच्या भिंतीवर या मुलानं काढलेलं चित्र ऑटो रॉथफील्ड या कलेक्टरच्या नजरेस पडलं, त्यानं मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये धाडलं आणि पुढे १९२८ मध्ये पुण्याचा अश्वारूढ शिवाजी उभा राहिला. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार यांना शाळेतल्या जोशी गुरुजींनी ओळखलं. गणपतराव म्हात्रे ‘मंदिरपथगामिनी’ घडवताना जेमतेम विशीचे होते. साहेब येतो, मास्तर येतो, पोराच्या हातातली जादू ओळखतो. ही गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली आहे की पंचेचाळिसाव्या वर्षी, बँकेतून सुटल्यावर, बनियनवर बसून मातीचं डोकं वळणाऱ्या माणसासाठी तिच्यात जागाच उरलेली नाही. त्याला ओळखायला कोणता कलेक्टर येणार?

उशिरा आलेल्यांच्या गोष्टीही आहेत, आपण त्या सांगत नाही इतकंच. पिलू पोचखानवाला मुंबईच्या, जन्म १९२३. वाणिज्य शाखेची पदवी, मग जाहिरातीच्या क्षेत्रातलं काम. १९५१ मध्ये युरोपात जाणं झालं, तिथं शिल्पं पाहिली आणि परतल्यावर त्यांनी कोणत्याही कलाशाळेत न जाता शिल्पकाम सुरू केलं. शिल्पकार ना. ग. पानसरे यांच्यासारख्या जाणत्याचा आधार मिळाला. आधुनिक भारतीय शिल्पकलेचा इतिहास आज त्यांच्या नावाशिवाय लिहिता येत नाही. दुसरी गोष्ट दूरची, अमेरिकेतली. बिॲट्रिस वुड या बाईनं हॉलंडमध्ये चकाकत्या झिलईच्या काही बशा विकत घेतल्या. त्यांना शोभणारी चहाची किटली कुठं मिळेना, तेव्हा आपणच करू म्हणून १९३३ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, हॉलिवूडच्या एका शाळेतल्या प्रौढांच्या मातीकामाच्या वर्गात तिनं नाव घातलं. किटली मनासारखी झाली की नाही कोण जाणे. बाई पुढे साठ-पासष्ट वर्षं मातीतच राहिली. १९६१ मध्ये ती भारतातही येऊन गेली आणि इथल्या दागिन्यांच्या, साड्यांच्या प्रेमात पडली. १९९८ मध्ये वारली तेव्हा १०५ वर्षांची होती.

अर्थात बिॲट्रिसबाईंना वर्गात माती तयार मिळाली. परभणीत तसं नाही.

तसं पाहिलं तर इथल्या कुणालाच माती नवी नाही. पोळ्याच्या आधी ओढ्याकाठी बसून बैल केलेले नाहीत असा माणूस खेड्यात सापडणं कठीण. नागपंचमीचे नाग, श्रावणातली पार्थिव पिंड, घटस्थापनेला घटाखाली पसरायची शेतातली माती, संक्रांतीची सुगडी. वर्षभर माती घरात येतच असते. पण चौथी-पाचवीनंतर हे सुटतं. शाळेत चित्रकला असते, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी परीक्षाही असतात. त्यांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन असं सगळं कागदावरचं. मातीचा पेपर नाही. ज्याला गुण नाहीत ते आईबाप कशाला करू देतील? मग मोठेपणी कोणी अंगणात चिखल कालवून बसला की येणारा-जाणारा विचारतो, ‘सर, काय करायलाव हे? माती खेळायलाव का?’ प्रश्नात वाईट काही नसतं. तरी पुष्कळ माणसं या एका प्रश्नापायी अंगण सोडून मागच्या पडवीत जातात.

घरंही बदलली. मराठवाड्यातली जुनी माळवदं म्हणजे मातीचंच काम: दगड-मातीच्या भिंती, सागवानी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दरवर्षी पावसाआधी त्यावर माती टाकून धुमसून घ्यायचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हेच जड धाब्याचे थर हजारो माणसांच्या अंगावर आले. त्यानंतर मातीच्या घराविषयी जी भीती बसली ती योग्यच होती. परंतु स्लॅबच्या घरांबरोबर मातीचा रोजचा हातही गेला. आज तिशीत असलेल्या परभणीकराला माळवदावर टाकायची माती कुठल्या खाणीतली चांगली हे ठाऊक नसतं. त्याच्या आजीला ते ठाऊक होतं.

मला या सगळ्या विषयात सांगायचं आहे ते इथं आहे. मोठेपणी मातीकडे वळलेला माणूस गुरू शोधायला निघतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कलाशिक्षक असतो, मोबाइलवरचे परदेशी व्हिडिओ असतात. काळ्या मातीचं खरं शास्त्र मात्र ज्यांना येतं त्यांना आपण कलाकार म्हणत नाही. चूल घालणारी बाई, कुंभार, वीटभट्टीवर विटा थापणारा. आधी यांच्यापाशी बसावं लागतं.

चुलीचंच घ्या. रोज आग सोसायची आणि तडा जाऊ द्यायचा नाही, यापेक्षा कठीण परीक्षा मातीला दुसरी नाही. घरोघरी गॅस आला, २०१६ च्या उज्ज्वला योजनेनं तर खेड्यापाड्यांतही सिलिंडर पोचला. तरी भाकरीला आणि आंघोळीच्या पाण्याला मागच्या दारी चूल आहेच. ती घालणारी बाई नुसती काळी माती कधीच घेत नाही. ढेकळं फोडून, खडे वेचून माती भिजत घालायची. तिच्यात शेण आणि गव्हाचा किंवा तुरीचा भुसा मिसळायचा. मग पायानं तुडवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तुडवायची. चुलीची भिंत एका दमात उभी करायची नाही. एक थर, मग थोडं थांबायचं, थर बसला की दुसरा. भेग दिसली की लगेच पातळ चिखलाचं बोट फिरवायचं. आणि शेवटी पोतेरं. भुशाच्या काड्या आत जाळीसारख्या पसरतात, माती आकसताना तिला धरून ठेवतात आणि ओल बाहेर यायला वाटा करतात. शिल्पकलेच्या पुस्तकात हेच सगळं इंग्रजी नावांनी दिलेलं असतं. बाईंना नावं ठाऊक नसतात, प्रमाण मात्र हाताला पाठ असतं. ‘किती भुसा घालू मावशी?’ असं विचारलं तर उत्तर ओंजळींत मिळतं, ग्रॅममध्ये नाही. आणि ते बरोबर असतं.

दिवाळीत तर याच बायकांचं प्रदर्शनच भरतं. वसुबारसेपासून पाडव्यापर्यंत दारापुढे शेणाच्या गवळणी मांडल्या जातात, पांडव केले जातात, ताक घुसळणारी, डोक्यावर घागर घेतलेली, कुठं बळीराजा. वर फुलं खोचायची, दिवा लावायचा. चिमटीनं नाक काढलं की चेहरा झाला, एवढ्या थोड्यात मनुष्य उभा करणं हे भल्याभल्यांना जमत नाही. चार दिवसांनी त्या शेणाच्या गोवऱ्या होतात, हे वेगळं. अमूर्त शिल्पाविषयी मुंबईत मोठमोठे लेख येतात. एकदा कोणी पाथरी-मानवत बाजूच्या वाड्यांमधून पाडव्याच्या सकाळी कॅमेरा घेऊन फिरावं.

कुंभाराची विद्या याच्या पुढची. काळी माती एकटी चालत नाही हे त्यालाही कळतं, म्हणून तो तळ्यातला किंवा नदीकाठचा गाळ बघतो. गोदावरी, पूर्णा, दुधना या तिन्ही नद्या जिल्ह्यात आहेत, त्यांच्या काठचा पोयटा काळ्या रानापेक्षा हलका आणि वळवायला सोपा. त्यात गाढवाची लीद, राख, बारीक वाळू. (गोदावरीची वाळू सध्या ज्या भावानं जाते ते पाहता दोन ओंजळींवर भागतं हे शिल्पकाराचं भाग्य.) फुटक्या खापरांचा भुगा हाही जुना उपाय. एकदा भट्टीतून निघालेली माती पुन्हा आकसत नाही, त्यामुळे ओल्या गोळ्यात खापराचा भुगा मिसळला की सगळ्याच गोळ्याचं आकसणं कमी होतं. नवशिक्यानं आपल्या फुटलेल्या पहिल्या मूर्ती टाकू नयेत त्याचं कारण हे. त्या भाजाव्या, कुटाव्या, चाळाव्या आणि पुढच्या मूर्तीच्या पोटात घालाव्या.

आणखी एक माती जिल्ह्यात गावोगाव आहे आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नाही. जुन्या गावठाणाची पांढरी. शेकडो वर्षं एकाच उंचवट्यावर घरं पडली, बांधली, चुलींची राख साठली, त्यातून ही भुरकट माती झाली. गढ्यांचे बुरूज तिचेच. आज बहुतेक गढ्या ढासळत चालल्या आहेत, लोक ती माती खत म्हणून शेतात नेतात. काळीत पांढरी मिसळली की तिचा हट्ट बराच कमी होतो. पण इथं एक थांबा हवा. पांढरीच्या टेकाडात जुनी खापरं, मणी, नाणी असतात. पुरातत्त्वाच्या दृष्टीनं ते टेकाड म्हणजे वाचायचं राहिलेलं दफ्तर आहे. आपल्या हौसेसाठी तिथं कुदळ मारू नये. पडक्या भिंतीची, आधीच घरमालकानं बाहेर टाकलेली माती पुरे.

आता चुनखडी. मराठवाड्याच्या काळ्या मातीत चुन्याचे बारीक पांढरे खडे असतात. मूर्ती वळताना ते बोटाला लागत नाहीत. वाळतानाही काही होत नाही. भट्टीत मात्र त्यांचा कळीचा चुना होतो. मूर्ती लालबुंद, अखंड बाहेर येते, घरात फडताळावर बसते, आठ-पंधरा दिवस सगळे कौतुक करतात. मग हवेतला ओलावा आत शिरतो, तो चुना फुगतो आणि एके सकाळी गालाचा टवका उडून खाली पडलेला असतो, खळग्यात पांढरा ठिपका. पावसाळ्यात तर हमखास. उपाय दोन. माती पिंपात पातळ कालवून बारीक चाळणीतून किंवा जुन्या धोतरातून गाळून घ्यायची, हा पहिला आणि खरा. दुसरा वीटभट्टीवाल्यांचा: भाजलेला माल निवला की लगेच पाण्यात पूर्ण बुडवायचा, म्हणजे चुना एकदमच विरून जातो, हळूहळू फुगत बसत नाही. पुण्याच्या निर्मला पटवर्धन यांनी १९८४ मध्ये कुंभारकामावरचं पुस्तक इंग्रजीतून लिहिलं, त्याचं मोल हेच की परदेशी पुस्तकांतल्या कृती भारतीय मातीला आणि खनिजांना जशाच्या तशा लागू पडत नाहीत हे जाणून त्यांनी इथल्या मालावर स्वतः प्रयोग केले. परभणीच्या मातीचं पुस्तक अजून कोणी लिहिलेलं नाही. ते तुकड्यातुकड्यांनी माणसांत आहे.

भाजण्यातही घाई चालत नाही. मूर्ती हाताला कोरडी लागली म्हणजे वाळली असं नव्हे; गालाला लावून पाहावी, गार लागली तर आत ओल आहे. भट्टी शंभर अंशांजवळ येताना ती ओल वाफ होऊन बाहेर पडायला धडपडते आणि जाड, भरीव मूर्ती फुटते. म्हणून डोकं, धड आतून पोकळ करावं लागतं, सगळीकडे सारख्या जाडीचं. पुढे ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या रचनेतच अडकलेलं पाणी सुटतं आणि त्यानंतर ती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. लाल रंग, खणखणीत आवाज यायला ९०० च्या आसपास जावं लागतं. कुंभाराची उघडी भट्टी गोवऱ्या, पऱ्हाट्या, तुराट्यांवर चालते आणि तिला तापमापक नसतो. ज्वाळेचा आणि निखाऱ्याचा रंग हाच मापक. संक्रांतीची सुगडी काळी असतात ती याच मातीची. शेवटी भट्टी झाकून धूर आत कोंडला की लाल व्हायचं ते काळं होतं.

कुंभार गल्लीत जाऊन बसणं दिसतं तितकं सोपं नाही, आणि त्याचं कारण मातीत नाही. मातीची भांडी हे बलुतं होतं, एका जातीचं. बाकीच्यांनी मडकं घ्यायचं, धान्याचं माप द्यायचं. चाकाला हात लावायचा नाही. आता तेच काम शहरात ‘पॉटरी क्लास’ झालं की त्याला फी येते आणि प्रतिष्ठाही. कुंभाराची पोरं मात्र चाक सोडून वीटभट्टीवर किंवा पुण्याला कंपनीत जातात. हौशी माणसानं हे डोक्यात ठेवून गल्लीत पाऊल टाकावं. ‘मामा, जरा दाखवता का’ म्हणून फुकट अर्धा दिवस घेणं बरं नव्हे. त्यांच्या वेळेचे, भट्टीतल्या जागेचे पैसे द्यावे. सरकारचाही गोंधळ पाहण्यासारखा आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, केंद्राची विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसायांच्या यादीत कुंभार वेगळा, मूर्तिकार वेगळा. बैलही करणारा आणि माठही करणारा म्हातारा अर्ज भरताना कोणत्या रकान्यात खूण करतो, हे एकदा विचारायला हवं.

कुंभाराच्या परीक्षेची गोष्ट तर आपल्याच भागाची आहे. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना विचारलं, यातली मडकी पक्की किती, कच्ची किती, ते सांगा. तेरच्या गोरोबांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे गप्प बसले. नामदेव रागावले, आणि कच्चे ठरले. परंपरा नामदेवांचं जन्मगाव नरसी मानते. रुसून, दुखावून ते पुढे विसोबा खेचरांकडे गेले ते औंढा नागनाथला. ही दोन्ही गावं १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होती, हिंगोली वेगळा झाल्यावर तिकडे गेली. कीर्तनात ही गोष्ट अहंकारावर सांगतात. मला तिच्यातलं कसब खुणावतं. कुंभार मडकं वळतो ते जाड असतं. आतून दगडी गोळा धरून बाहेरून थापटण्यानं ठोकत ठोकत तो त्याची भिंत पातळ करतो, मातीतली हवा काढतो. मार बसल्याशिवाय मडकं मडकं होतच नाही. आणि भाजल्यावर टिचकी मारून आवाज ऐकतो: खणखणीत की बद्द. यात अपमान कुठंच नाही, चाचणी आहे. शिवाय नामदेव तेव्हा कोणी नवखे नव्हते. विठ्ठल ज्यांच्या हातचं जेवतो अशी ख्याती झालेली. त्या वयात, त्या नावानिशी दुसऱ्याच्या दारी शिकायला जाणं हे मला कच्चं ठरण्याहून मोठं वाटतं. गंगाखेडची जनाबाई त्यांच्याच घरातली. या सगळ्या माणसांची रोजची कामं हातांची होती, हे आपण विसरतो.

माती ताब्यात आली की मग डोळ्यांची पाळी. मोठ्या माणसाची खरी अडचण इथं सुरू होते, कारण चेहरा कसा असतो हे त्याला ठाऊक आहे असं त्याला वाटतं. नवशिक्यानं केलेल्या डोक्यात डोळे बहुतेक वेळा कपाळावर चढलेले असतात. मोजून पाहिलं तर टाळू ते हनुवटी यांच्या बरोबर मध्यावर डोळे येतात. वरचा अर्धा भाग नुसतं कपाळ आणि केस. कान भुवई आणि नाकाच्या बुडाच्या दरम्यान, आणि वाटतात त्यापेक्षा पुष्कळ मागे. आपण आयुष्यभर माणसांना समोरून पाहिलेलं असतं, बोलताना. मागून मान कशी खांद्यात उतरते हे पाहिलेलं नसतं. म्हणून काम फिरत्या पाटावर ठेवून सतत फिरवायचं असतं; एका बाजूनं सुरेख झालेलं डोकं पाव फेरा दिला की चपटं निघतं. एकदा हे लागलं की माणूस एसटीत पुढच्या सीटवरच्या माणसाच्या कानामागची हाडं बघत प्रवास करतो.

शेतकऱ्याचं इथं एक फावतं. पेरणीआधी वाफसा आला की नाही हे तो माती मुठीत दाबून, सोडून ओळखतो. मूर्ती कोरायलाही नेमकी तीच वेळ साधावी लागते, माती फार ओली नको, फार सुकी नको. ओलीवर धार उमटत नाही, सुकीचा कपचा उडतो. ज्याच्या मुठीला वाफसा कळतो त्याला हे शिकवावं लागत नाही. शहरातल्या क्लासमध्ये यावर एक तास घालवतात.

डोळ्यांच्या परीक्षेचं उदाहरण हवं तर शिर्डीची मूर्ती सगळ्यांनी पाहिलेली असते. साईबाबांनी १९१८ मध्ये देह ठेवला आणि मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी संगमरवरात घडवलेली मूर्ती १९५४ मध्ये समाधी मंदिरात बसली. हाताशी जुन्या छायाचित्राचा आधार, असं सांगतात. सपाट कागदावरून माणूस चहूबाजूंनी उभा करायचा, त्याची पाठ, त्याचं बसणं, मुडपलेल्या पायाचं वजन, जे कागदावर नाहीच ते शोधायचं. दगडाला छिन्नी लागण्याआधी असे शोध मातीत घेतले जातात, कारण माती चूक परत घेऊ देते. पाथरी हे बाबांचं जन्मस्थान मानणारे आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत आणि त्यावर वादही पुष्कळ झाला. पाथरीच्या एखाद्या माणसानं त्याच छायाचित्रावरून स्वतःच्या रानातल्या मातीत एक डोकं करून पाहावं असं मला वाटत राहतं. वादापेक्षा ते अवघड जाईल.

आपल्याकडे पूजेला दगड आणि पितळ, कौतुकालाही तेच. धारासूरच्या गुप्तेश्वराच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी किंवा चारठाण्याची मंदिरं पाहायला लोक जातात, जावंच. पण याच मराठवाड्यात तेर आणि पैठणला सातवाहन काळातल्या मातीच्या बाहुल्या निघाल्या आहेत: दोन साच्यांत दाबून जोडलेल्या, आतून पोकळ, केसांच्या रचना पाहून थक्क व्हावं अशा. त्या जपल्या कोणी? तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आणि पैठणच्या बाळासाहेब पाटलांनी. दोघेही पेशानं पुरातत्त्वज्ञ नव्हेत; पावसानं उघड्या पडलेल्या वस्तू गोळा करायचा नाद लागलेली गावची माणसं. आज दोन्ही ठिकाणच्या शासकीय संग्रहालयांना त्यांचीच नावं आहेत. तेरला पाण्यावर तरंगणारी वीट दाखवतात. मातीत भुसा मिसळून भाजली की भुसा जळून जातो आणि विटेत पोकळ्या राहतात. चूल घालणाऱ्या मावशींना ही वीट दाखवली तर त्यांना काही नवल वाटणार नाही.

त्याहून जुनी गोष्ट पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथं घराच्या जमिनीखाली मातीची एक लहान पेटी सापडली, सुमारे तीन हजार तीनशे वर्षांपूर्वीची. तिच्यासोबत डोकं नसलेली स्त्री आणि बैल, दोन्ही कच्च्या मातीचे, न भाजलेले. ती बाई काडीनं बैलाच्या पाठीवर बसवता येत होती. कोणी केली, का पुरली, यावर अभ्यासकांनी देवीचे तर्क केले आहेत, ते पटण्याजोगे आहेत. करणारा हात मोठ्या माणसाचा असावा असं मला वाटतं. आणि त्यानं भट्टीची वाट पाहिली नाही.

ज्यांना भट्टीच लावायची आहे त्यांच्यासाठी हिशेब असा. दिवाळी हा मुहूर्त चांगला. पाऊस ओसरलेला असतो, तळ्याकाठचा गाळ हाती येतो. तेव्हाच माती भिजत घालावी, गाळावी आणि महिना-दीड महिना ओल्या पोत्याखाली मुरू द्यावी. मुरलेली माती जास्त वळते. मार्गशीर्ष-पौषात परभणीला थंडी कडक पडते, हवेत ऊन असूनही माती सावकाश वाळते, तेच घडवायचे दिवस. एप्रिल उजाडला की तासाभरात कान सुकून गळतात आणि जूननंतर काही वाळतच नाही. भट्टी लावायची ती फेब्रुवारीत, कापूस आणि तूर निघाल्यावर. पऱ्हाट्यांचं मात्र दिवाळीतच कोणाशी तरी बोलून ठेवावं लागतं. गुलाबी बोंडअळीच्या भीतीनं कृषी विभाग फरदड, म्हणजे कापसाचा खोडवा, घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात ठेवू नका म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. आणि एकदा वावरात रोटाव्हेटर फिरला की भट्टीला काडी उरत नाही. एक बैलगाडी पुरते. ट्रॅक्टर नको.